होडीत कुत्रं स्वस्थ बसत नाही: आधी पाय बघा, मग स्वभाव

काठावर शहाण्यासारखं वागणारं कुत्रं होडीत चढलं की उभंच राहतं. दाबून बसवलं तर बसतं, पण चार वल्ही मारली की पुन्हा उभं. पुढचे पाय कडेवर टाकून पाण्यात बघतं आणि एकदम दुसऱ्या बाजूला वळतं. कुणी कुईकुई करतं, कुणी लाळ गाळतं, कुणी जागच्या जागी गिरक्या घेत राहतं. काठ दोन हातांवर आला की उडी, आणि त्या धक्क्याने होडी तुमच्यासकट मागे. गळाला मासा लागला तर मग विचारूच नका.

या सगळ्याला लोक एकच नाव देतात, ‘आमचं कुत्रं ऐकत नाही.’ भोरजवळ भाटघरच्या फुगवट्यावर माझे थंडीचे ८ हंगाम झाले. सेकंडहँड घेतलेली १४ फुटी फायबरची कनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद, निमुळती होडी, आणि भुऱ्या नावाचा १८ किलोचा गावठी गडी. पहिल्या हंगामात भुऱ्याने मला तीनदा पाण्यात पाडलं. त्यानंतर मित्रांची, मित्रांच्या मित्रांची मिळून दहा-बारा कुत्री या होडीत बसवून झाली. त्यांत खरोखर न ऐकणारं एकच निघालं. बाकीच्यांची खोट होडीत होती, उन्हात होती, पोटात होती, नाहीतर आम्ही माणसं बसतो त्या पद्धतीत होती.

म्हणून दटावण्याआधी घड्याळ बघा. कुत्रं नेमकं कधी बिघडतं?

- चढल्या चढल्या, पाचेक मिनिटांत: पाय घसरतायत, तळ तापलाय, नाहीतर शी-शू राहिलीय.
- अर्ध्या तासाने: ऊन, तहान किंवा मळमळ.
- आमिषाचा डबा उघडला किंवा मासा वर आला की: गळ टाकण्याची तुमची पद्धत.
- फक्त काठाजवळ: शिकवायचं राहिलंय.
- गेल्या वर्षी छान बसायचं, यंदाच बसत नाही: दुखणं. मधलं सगळं सोडा आणि शेवटून दुसरा भाग वाचा.

खर्च शून्य: पोट, लघवी, तळहात

निघण्याआधी ३-४ तास पोटभर खायला देऊ नका. आपल्याकडे उलटं होतं. पहाटे चारला उठायचं, ‘बिचारं दिवसभर उपाशी राहील’ म्हणून भाकरी-दूध घालायचं आणि घाटातून गाडी दामटायची. पाण्यावर पोहोचेपर्यंत त्याचं पोट ढवळलेलं असतं आणि दोष होडीच्या डुलण्याला जातो. काठावर उतरल्यावर २० मिनिटं नुसतं फिरवा, हुंगू द्या, दोनदा मोकळं होऊ द्या. घरात न मुतायची सवय असलेलं कुत्रं होडीतही मुतत नाही. ते कळ दाबून उभं राहतं आणि आपण ‘बस, बस’ म्हणत बसतो.

मग तळहाताची उलटी बाजू होडीच्या तळाला ५-७ सेकंद टेकवा. तुमचा हात निघाला तर त्याचं पोट तिथे कसं टेकेल? गडद रंगाची फायबर होडी डिसेंबरातसुद्धा उन्हात पालथी ठेवली तर तापते. बादलीभर पाणी फिरवा, उपसून काढा, मग चढवा. मार्चनंतर माझा नियम कडक आहे. उजाडताना पाण्यावर, नऊपर्यंत काठाला. होडीत कुत्र्याला सावली शोधत जाता येत नाही, हे आपण टोपी घालून विसरतो.

थोडका खर्च: पायाखाली काय आहे

दहांतल्या सहा-सात कुत्र्यांची गाठ इथेच सुटली, म्हणून सगळ्यात जास्त वेळ या तपासणीला द्या.

कुत्रं आडवं पडतं ते लागलीच उठता येईल याची खात्री असेल तेव्हाच. ओल्या फायबरवर ती खात्री मिळत नाही. बसलं की पुढचे पाय हळूहळू फाकत जातात, सावरायला ते उभं राहतं, उभं राहिलं की होडी डुलते, डुलली की आणखी घसरतं. आपल्याला वाटतं हट्ट करतंय. ते बिचारं बर्फावर उभं असल्यासारखं चारी पाय ताणून जीव सावरत असतं. खाली वाकून कान द्या. नखांची खरखर ऐकू येत असेल तर निदान झालं.

उपाय साधा. पन्हाळीचं रबरी पायपुसणं, जाड फोमची चटई किंवा घरातली जुनी योगा मॅट. दोन गोष्टी मात्र चुकवू नका. एक, मॅट सरकता कामा नये. सरकणारी मॅट उघड्या तळापेक्षा वाईट, कारण कुत्रं तिच्यावर विश्वास टाकतं आणि ती दगा देते. मी चारी कडांना दुहेरी चिकटपट्टी लावतो आणि वरून आडव्या दांड्याखाली खोचतो. दोन, तुकडा नको. त्याला वळायला लागेल तेवढी सगळी जागा झाकली पाहिजे, नाहीतर तेवढ्या चौकोनाबाहेर पाय पडला की पुन्हा तेच.

नखं कापा. नखं लांब असतील तर पंजाची गादी नीट टेकत नाही, आणि पकड असते ती गादीची. तिसरं पाणी. वल्ह्यावरून ठिबकून तळाला अर्धा इंच पाणी साठतं. आपण बैठकीवर असतो, त्याचं पोट त्या पाण्यात. पाच लिटरचा कॅन तिरका कापून उपसणं करून ठेवा आणि जाड स्पंज बरोबर घ्या.

माझ्या एका मित्राने तीन महिने ‘डाऊन’ शिकवण्यावर घालवले होते. मॅट टाकली त्या सकाळी त्याचं लॅब्राडोर वीस मिनिटांत घोरायला लागलं.

वजन कुठे बसतं

हीही तपासणी फुकटच. फक्त ‘चूक माझी आहे’ हे कबूल करणं जरा जड जातं.

१८ किलोचं कुत्रं तळाला पडलेलं असेल तर त्याचं वजन होडीला उपकार आहे, तळाशी टाकलेल्या वाळूच्या पोत्यासारखं. तेच उभं राहिलं की वजन कडेच्या वर जातं आणि जराशा कलण्याला जोर देतं. एवढं सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट पुढे आहे.

कुत्रं डाव्या कडेवर झुकतं. आपण घाबरून उजवीकडे कलतो. होडी सावरते. आता कुत्र्याचं पाण्यातलं कुतूहल संपतं आणि ते मध्ये येतं, किंवा उडी मारून मोकळं होतं. आपण अजून उजवीकडेच. होडी आपल्याच बाजूला उलटते. मी तिन्ही वेळा असाच पडलो, आणि तिन्ही वेळा काठावरच्यांनी ‘कुत्र्यानं पाडलं’ असंच म्हटलं. कुत्रं झुकलं तर तुम्ही झुकू नका. कंबर सैल सोडा, गुडघे तळाला टेका, वल्ह्याचं पान पाण्यावर आडवं दाबा आणि त्याला शांत आवाजात आत बोलवा. बैठकीवरून गुडघ्यांवर येण्याने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही.

जागा ठरवून द्या. दोघं असाल तर कुत्रं दोघांच्या मध्ये, मागच्या माणसाच्या पुढ्यात. त्याने त्याला बघावं आणि हात पोहोचावा. पुढच्या टोकाला उभं कुत्रं फोटोत देखणं दिसतं, पण होडी नाकाने पाणी नांगरते आणि वारा आला की वळता वळत नाही. एकटे असाल तर तुम्ही मागे, कुत्रं मध्याच्या जरा पुढे, आणि तरीही पुढचं टोक हवेत राहत असेल तर तिथे पाण्याचा भरलेला कॅन.

एक गोष्ट कधीही करू नका: कुत्र्याला होडीला बांधू नका. होडी उलटली तर पट्टा आडव्या दांड्यात अडकतो आणि ते खाली राहतं. लांब दोरीही नको, गळपट्टाही शक्यतो नको.

आमिष, गळ आणि तुमचा उत्साह

रोहू-कटल्यासाठी आपण काय नेतो? शेंगदाण्याची पेंड, भाजलेली कणीक, वर कुणाचा गुप्त मसाला. कुत्र्याच्या नाकापुढे हा डबा सहा तास ठेवायचा आणि त्याने हलू नये म्हणायचं, हा अन्याय आहे. आमिष झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत आणि तुमच्या पायांमागे. गोळा मळताना पडलेली भुकटी लगेच पुसा.

गळ उघडे पडलेले नकोत. काठीला लावलेला गळ कडीत अडकवून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, ताणून ठेवा. तीन तोंडांचे गळ मी कुत्रं बरोबर असताना नेतच नाही, आणि एकेरी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करतो. दोन-चार मासे जास्त सुटतात, सुटू देत. काठी मागून फेकायची नाही, बाजूने फेकायची, आणि फेकण्याआधी कुत्रं कुठे आहे ते बघायचं. भुऱ्याच्या ओठात गळ घुसला तो माझ्याच फेकीत. डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन टोक पुढे ढकलून बाहेर काढलं, काटा कापला आणि मागे ओढून घेतला. पंधरा मिनिटांचं काम. पण ते पंधरा मिनिटांत झालं, कारण मी वाटेत ओढाताण केली नव्हती.

मासा लागला की आपणच ओरडतो, उभे राहतो, आणि मग कुत्र्याने शांत राहावं अशी अपेक्षा करतो. आवाज बंद. हातजाळी कुत्र्याच्या विरुद्ध बाजूला. मासा आत आला की ओल्या गोणीखाली. चिलापीच्या पाठीचे काटे तोंडात टोचतात आणि कोरडा पडलेला मासा कुत्रं सबंध गिळायला बघतं, म्हणून काठावरही मासे उघडे टाकू नका.

जाता जाता: धरणाचं पाणी बहुतेक कुठल्या तरी मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतं. विचारून गळ टाका आणि त्यांची जाळी कुठे लागलीत तेही विचारून घ्या. रिकाम्या बाटल्यांची आणि थर्माकोलची ओळ तरंगताना दिसली तर तिकडे कुत्र्याला पोहू देऊ नका. तंगुसाच्या जाळ्यात अडकलेलं कुत्रं बाहेर काढणं माणसालाही बुडवतं.

पैसे घालायचे तर आधी लाइफ जॅकेटवर

‘कुत्र्याला पोहता येतंच’ हे अर्धसत्य. आखूड पायांचे डॅशहुंड, जड डोक्याचे पग आणि बुलडॉग लवकर दमतात. आपला कारवानी, म्हणजे सडपातळ शिकारी जातीचा कुत्रा, वाऱ्यासारखा पळतो, पण अंगावर चरबी नसल्याने जड तरंगतो आणि थंडीच्या पाण्यात लवकर गारठतो.

जॅकेटला पाठीवर मजबूत मूठ हवी. जमिनीवर त्या मुठीने कुत्रं उचलून बघा, बाहेर सरकत असेल तर पट्टे आवळा किंवा माप बदला. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत. कारवान्याची छाती खोल आणि कंबर बारीक, त्यामुळे तयार मापं त्याला पोटाकडे ढिली होतात, टाके घालून घ्यावे लागतात. बगलेत काचणारं जॅकेट हे अस्वस्थपणाचं एक लपलेलं कारण आहे. केस मागे करून लाली दिसते का बघा. घरात दोन दिवस घालून वावरू द्या, पाण्यावर पहिल्यांदा घालू नका.

पाण्यात पडलेल्या कुत्र्याला एकट्याने बाजूने वर ओढू नका, दोघंही पडाल. मूठ धरा आणि काठाला चला. दोघं असाल तर एकाने मूठ ओढायची, दुसऱ्याने समोरच्या कडेवर भार द्यायचा.

आठवडाभराची शिकवणी

इथे पैसा नाही, वेळ लागतो. होडी अंगणात किंवा पार्किंगमध्ये ठेवा आणि दोन दिवस त्याचं जेवण तिच्यात द्या. मग होडीखाली गाडीचे दोन जुने टायर सरकवा म्हणजे ती डुलेल. तो आत बसलेला असताना हळू डुलवा, खाऊ द्या. मग वल्हं त्याच्या डोक्यावरून नेऊन दाखवा. मग काठी. मग काठाला गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं, आणि लगेच घरी. पाचव्या-सहाव्या दिवशी तुम्हालाच कंटाळा येतो, तेव्हा तो तयार झालेला असतो.

दोन शब्द पुरेत: ‘चढ’ आणि ‘उतर’. ‘उतर’ ऐकल्याशिवाय पाय बाहेर नाही, होडी वाळूला लागली तरी नाही. काठाजवळच्या उडीवर दुसरा इलाज नाही. आणि घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरा. आमच्याकडे मी ‘बस’ म्हणायचो, मुलगी ‘सिट’, आणि आई ‘बैस रे राजा’. भुऱ्या तिघांकडे आळीपाळीने बघायचा.

मळमळ आणि दुखणं: इथून पुढे पशुवैद्य

सतत जांभया, ओठ चाटणं, लाळेच्या तारा आणि मग उलटी, ही मळमळ. रिकाम्या पोटी आणि छोट्या फेऱ्यांनी सुटली तर ठीक. नाही सुटली तर पशुवैद्य उलटी थांबवणारी गोळी वजनाप्रमाणे ठरवून देतात. घरातली माणसांची गोळी देऊ नका. दुखण्यावरची आयबुप्रोफेन तर कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे.

पूर्वी बसणारं कुत्रं आता बसत नसेल तर शिकवणी बंद करा. होडीत बसायला-उठायला पायऱ्या चढण्यासारखाच जोर लागतो. कंबर किंवा गुडघा दुखत असेल तर ते उभं राहणंच पसंत करतं. कान झटकत असेल, कानाला वास येत असेल, मान एका बाजूला कलत असेल तर कानाचा आजार तोल बिघडवतो. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत पाण्यानंतर हे वरचेवर होतं, म्हणून परतल्यावर कान कोरडे पुसा, पण आत काडी घालू नका. गार पाण्यात खूप पोहल्यावर दुसऱ्या दिवशी शेपूट लुळी पडली आणि बसताना केकाटलं तर ती शेपटीच्या स्नायूंची दुखापत. बहुधा काही दिवसांत बरी होते, पण एकदा दाखवून घ्या. आणि साठलेल्या पाण्यावर नेहमी जात असाल तर लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी चुकवू नका. तो आजार कुत्र्याकडून आपल्यालाही होतो.

घरगुती उपाय इथे थांबतात

गळ गिळला असेल आणि तोंडातून तंगूस लोंबत असेल तर ओढू नका, तोंडाशी कापूही नका. हातभर ठेवून कापा, गळपट्टा घालून त्याला बांधा आणि एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या. त्या दोरावरूनच डॉक्टरांना वाट सापडते.

धाप थांबत नाही, लाळ चिकट, हिरड्या लालभडक, चाल अडखळते: उष्माघात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस. ४०-४१ च्या वर गेलं की एकेक मिनिट महत्त्वाचं. आधी अंगावर पाणी ओता, वारा घाला, मग गाडीत टाका. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

नाकातोंडात पाणी जाऊन धडपडलेलं कुत्रं नंतर शेपूट हलवत असलं तरी त्याच दिवशी दाखवा. फुफ्फुसाचा त्रास काही तासांनी उमटतो. उन्हाळ्यात पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय दिसली तर होडी उतरवूच नका, आणि त्या पाण्यानंतर उलटी, थरथर, लडखडणं दिसलं तर वाट बघू नका. त्या विषावर उतारा नाही. भोर-शिरवळ भागात असाल तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. इतरत्र जाताना जवळचा दवाखाना आदल्या दिवशीच शोधून ठेवा.

काही पाण्यांवर तपासणीचा प्रश्नच नाही. सांगलीच्या आसपासची कृष्णा आणि वारणा, चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री, इथे मगरी आहेत. कुत्रं घरी. कोलाडला कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून वीज करून सोडलं की सकाळी एकदम चढतं, तिथल्या खळाळात कुत्रं आणि कनू दोन्हींचं काम नाही. आणि पावसाळ्यात तर कुठेच नाही.

न बसणारं एक म्हणालो ते मित्राचं कारवानी, राणी. मॅट झाली, जॅकेटला टाके झाले, टायरवरची शिकवणी दोनदा झाली, पशुवैद्याने कान, कंबर सगळं तपासलं, काही निघालं नाही. होडी पाण्यात सरकली की ती थरथर कापते. चौथ्या सकाळी आम्ही प्रयत्न सोडला. आता ती येते तेव्हा कनू गाडीवरच बांधलेली राहते आणि आम्ही काठावरून गळ टाकतो.